चव घरची, आच गावाची

घरचं खाणं आणि बाहेरचं खाणं अशी जी सरळ वाटणी आपण करतो, ती छत्रपती संभाजीनगरात फार वेळ टिकत नाही. या शहराचं नाव ज्या पदार्थाशी जोडलं गेलंय त्या नान खलियाकडेच बघा. लग्नघरी मांडवामागे डेगेत खलिया शिजतो. त्यात मसाला किती, तिखट किती, रस्सा किती पातळ, हे ते घर आणि त्यांचा बावर्ची ठरवतात. नान मात्र घरात कुणी भाजत बसत नाही. ते भट्टीवरून येतात, शेकड्याच्या हिशेबाने. अर्धं जेवण घरचं, अर्धं गल्लीतल्या भट्टीचं, आणि जेवणाऱ्याला मधला सांधा जाणवतही नाही.

‘घरच्या चवी’बद्दल आज जे हळवं बोललं जातं, त्यात नेमका हा सांधा विसरला जातो. माझं म्हणणं असं की, आपल्याकडच्या भाजलेल्या घरगुती पदार्थांची चव गावाच्या सामाईक विस्तवावर उभी होती. कृती आपण वह्यांत, पुस्तकांत आणि आता फोनमध्ये जपून ठेवल्या. विस्तव विझत चालला तिकडे मात्र लक्ष दिलं नाही. यात नुकसान घरचंही झालं आणि या शहरात चार दिवस राहून जाणाऱ्या प्रवाशाचंही.

नानकटाईचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि लहान शहरांत दिवाळीच्या तोंडावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बायका मैदा, रवा, तूप किंवा डालडा, पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड घेऊन बेकरीत जात. काही ठिकाणी आजही जातात. किलोभर मैद्याला पाऊण किलोच्या आसपास तूप आणि जवळपास तेवढीच साखर. कुणी थोडं बेसन मिसळे, कुणी मूठभर रवा. परातीत तूप तळहाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं, पीठ मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे, मधोमध बोटाने दाबून चारोळी बसवायची. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून त्यावर काहीतरी खूण करायची आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. बेकरीवाला किलोवर मजुरी घेई. संध्याकाळी डबे भरून घरी.

या थांबण्याच्या वेळात जे घडे, त्याची नोंद कुठल्याच पाककृतीत नाही. शेजारच्या ट्रेमधली नानकटाई आपल्यापेक्षा का फुलली, हे तिथेच विचारलं जाई. ‘तूप जास्त झालंय, पसरतील’ असं बेकरीतला कारागीर नुसत्या नजरेने सांगे. एकीचं प्रमाण दुसरीच्या घरी जाई आणि पुढच्या वर्षी तेच ‘आमच्याकडचं’ होऊन बसे. आज जी कृती आजीची म्हणून सांगितली जाते, ती बऱ्याचदा अशी बेकरीच्या ओट्यावर चार अनोळखी बायकांनी मिळून दुरुस्त केलेली असते. खुद्द नानकटाईची जन्मकथाही अशीच मिसळीची आहे. सुरतेत डच व्यापाऱ्यांसाठी चालणारी भट्टी पुढे दोतीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि तिथे ती घडली, असं सांगितलं जातं. डचांची भट्टी, पारशी कारागीर, गुजराती गिऱ्हाईक आणि शेवटी मराठी दिवाळीचा फराळ. यातला कुठला टप्पा ‘घरचा’ म्हणायचा?

कुणी म्हणेल, हा सगळा स्मरणरंजनाचा भाग झाला. आता घरोघरी ओव्हन आहेत, मग बेकरीत ताटकळायचं कशासाठी? त्याचं एक उत्तर उष्णतेच्या गणितात आहे. पाव-बेकरीची जुनी भट्टी विटांची आणि बुटक्या घुमटाची असते. रात्री आत लाकडं पेटवून ती तापवतात, मग निखारे आणि राख बाजूला ओढतात आणि विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. पावाला कडक आच लागते. पाव निघाले की भट्टी तासन्‌तास हळूहळू उतरत राहते. नानकटाईला हवी असते ती हीच, १६०-१७० अंशांच्या आसपासची, वरून-खालून सारखी येणारी आच. या आचेवर तळ करपत नाही, माथ्यावर तडे पडतात आणि गोळा आतपर्यंत कोरडा, भुसभुशीत होतो. घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये सळई तापते, बंद होते, पुन्हा तापते. त्याचा पातळ पत्रा उष्णता साठवत नाही आणि दार उघडलं की निम्मी आच बाहेर जाते. हात तोच, प्रमाण तेच, तरी नानकटाई वेगळी होते ती यामुळे.

दुसरं उत्तर पैशाचं आहे. भट्टी पावासाठी तापलेलीच असे. तिच्या उरलेल्या उष्णतेवर मोहल्ल्याचा फराळ निघे आणि त्यासाठी वेगळं जळण लागत नसे. आज शंभर घरांत शंभर ओव्हन वर्षातून काही वेळा तापतात आणि बाकीचे दिवस ओट्यावरची जागा अडवून बसतात.

तंदूरचं शास्त्र आणखी वेगळं. तिथे आच कितीतरी चढी आणि काम मिनिटा-दोन मिनिटांचं. नान आतल्या मातीच्या भिंतीला चिकटतो, एका बाजूने भिंत आणि दुसरीकडून निखारा त्याला भाजतो. पीठ किती वेळ ठेवायचं, हात किती ओला करायचा, नान कधी सोडवायचा, हे रोज शेकडो नान लावणाऱ्या हातालाच कळतं. आठवड्यातून एकदा हौसेने करणाऱ्याला ते येत नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. काही कौशल्यं घरात मावतच नाहीत, ती गावानेच सांभाळावी लागतात.

नान खलियाबद्दल शहरात एक आख्यायिका ठामपणे सांगितली जाते. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या लवाजम्याला आणि फौजेला पोसण्यासाठी हा पदार्थ निघाला, असं म्हणतात. आख्यायिकेला पुरावा मानता येणार नाही. त्या काळाचा जो प्रवासी साक्षीदार आपल्याला ठाऊक आहे, तो इब्न बतूता १३४२च्या सुमारास या भागातून गेला. दौलताबादची वर्षातून दोनदा येणारी द्राक्षं-डाळिंबं त्याने टिपली आणि नंदुरबारच्या मराठ्यांचं खाणं भात, भाजी आणि तिळाचं तेल असल्याचं नोंदवलं. त्याच्यासारखा दरबारात वावरलेला माणूसही लोकांच्या रोजच्या ताटात डोकावला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आख्यायिका खरी असो वा नसो, तिने एक गोष्ट नीट लक्षात ठेवली आहे. हा पदार्थ कुणा एका घराण्याचा नाही. एक डेग, एक भट्टी आणि जेवायला पंगत, अशी त्याची मूळ मांडणी आहे.

सामाईक विस्तव म्हणजे फक्त बेकरी किंवा तंदूर, असंही समजायचं कारण नाही. शहराच्या दक्षिणेला सातारा परिसरात खंडोबाचं जुनं दगडी मंदिर आहे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत यांचा नैवेद्य असतो. चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य केलेली घरं या दिवसापासून ते पुन्हा खाऊ लागतात. भरताचं वांगं विस्तवात भाजायचं. गव्हाचे रोडगे करायचे तर शेतात किंवा मंदिराच्या आवारात गोवऱ्यांचा हार पेटवायचा, निखारे झाले की गोळे त्यात पुरायचे, राख झटकून ते फोडायचे आणि तुपात बुडवायचे. कोकणात काकडीचं धोंडस किंवा पाठारे प्रभूंचं भानोलं करताना भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवत, त्याच जातीची ही विद्या. म्हणजे ‘बेकिंग’ आपल्याकडे केकबरोबर आलं असं समजणाऱ्यांनी आधी गोवरीचा हिशेब करावा. फरक एवढाच की आपल्याकडचं भाजणं उघड्यावर, चारचौघांत आणि बऱ्याचदा पुरुषांच्या मदतीने होत असे.

मग विस्तव घरात आला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आलं आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. या साठ वर्षांत मराठी स्वयंपाकघर चुलीवरून शेगडी-स्टोव्हवर आणि मग गॅसवर सरकत गेलं. गॅसबरोबर धूर गेला, बायकांच्या डोळ्यांची आणि छातीची सुटका झाली आणि झाकणावर ठेवायचे निखारेही गेले. पुढे झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये वाळू घालून भाजलेला रव्याचा केक आला आणि विजेचा ओव्हनही आला. वाढदिवसाला घरी केक होऊ लागला. ज्या घरात अंडं चालत नाही, तिथे दूध आटवून किंवा दही घालून बिनअंड्याचा केक होऊ लागला. ही प्रगतीच होती. चुलीचं गुणगान सहसा तिच्यापुढे कधी न बसलेला माणूस करतो, त्यात मला सामील व्हायचं नाही.

पण विस्तव असा घरात येण्याची एक किंमत होती आणि ती बाईने मोजली. बेकरीत दहा जणी मिळून करत ते काम आता एकटीने, बंद स्वयंपाकघरात, रात्री उशिरापर्यंत, एका वेळी एक ट्रे असं होऊ लागलं. वर पुन्हा ‘आईच्या हातची चव’ हे प्रशस्तिपत्र. या प्रशस्तिपत्राने आईला सुट्टी मिळत नाही, उलट दरवर्षीचं काम पक्कं होतं. भट्टीवर मजुरी देऊन भाजून आणलेली नानकटाईही घरचीच असे आणि तिला कुणी कमअस्सल म्हणत नसे. घरगुतीपणाची ही जुनी व्याख्या आजच्यापेक्षा सैल होती आणि बाईच्या बाजूची होती.

या मांडणीवर एक सडेतोड आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सामाईक विस्तव खरंच सगळ्यांचा होता का? नव्हता. प्रवासाच्या दशम्यांचंच घ्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की भाकरी मऊ राहते आणि टिकते, हे खरंच. पण दुधात भिजवलेलं अन्न सोवळ्याच्या नियमांत प्रवासात चालतं, हेही त्यामागचं कारण होतं. वाटेत दुसऱ्याच्या हातचं खावं लागू नये, म्हणून शिदोरी बांधली जाई. दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी यांच्या आठवणी आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा त्या गाठोड्याच्या फडक्यात जातीची घडीही होती, हे सोडून देतो. कित्येक घरं बेकरीचा पाव आजारपणाशिवाय दारात येऊ देत नसत. भट्टीवाल्याचा धर्म बघून पीठ न देणारेही होते आणि आहेत.

हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून ‘मग आपापल्या घरी करा’ हा निष्कर्ष निघत नाही. या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. श्राद्धाचं अन्न आधी अस्पृश्यांना वाढणारे, त्यांच्या घरी जाऊन जेवणारे एकनाथ तिथले. या कथांचा तपशील संतचरित्रांतून आलेला आहे, पण मराठी समाजाने सोळाव्या शतकातल्या या माणसाची ओळख म्हणून ज्या गोष्टी चारशे वर्षं सांगितल्या, त्या ताटाच्याच आहेत. आजही आषाढी वारीला नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला निघते आणि वाटेवरची गावं पिठलं-भाकरी करून वारकऱ्यांना वाढतात. कुणाच्या चुलीवरची भाकरी, हे विचारलं जात नाही. भट्टीवर जुन्या काळी भेदभाव होता म्हणून भट्टी नको म्हणणं आणि विहिरीवर भेदभाव होता म्हणून पाणीपुरवठाच नको म्हणणं सारखंच. ज्या जागा एकत्र येण्याच्या आहेत, त्या सगळ्यांना खुल्या करायच्या असतात.

हेच सूत्र प्रवाशाच्या ताटाला लावून बघा. अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभराच्या आसपास. वाटेत दौलताबाद, खुलदाबाद, घृष्णेश्वर. म्हणजे हजारो माणसं दोन-तीन दिवस याच रस्त्यांवर जेवतात. त्यांच्यापुढे येणारी मेनूकार्डं बघितली तर आपण मराठवाड्यात आहोत की कुठल्याही महामार्गावर, हे ओळखू येत नाही. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, तंदुरी रोटी, जिरा राईस. येसराची आमटी, सुशीला, धपाटे-दही, ज्वारीची भाकरी आणि ठेचा हे इथल्या घरांत रोज किंवा आठवड्याला होणारे पदार्थ बाहेरच्या माणसाला शोधावे लागतात. नान खलिया मिळतो तो जुन्या शहरात, पर्यटकांच्या गाडीला मुद्दाम वळण घ्यावं लागतं तिथे. दौलताबादच्या रस्त्याकडेला हंगामात सीताफळांच्या पाट्या लागतात. अनेकांच्या सहलीत मराठवाड्याची चव लागते ती तेवढीच.

याला हॉटेलवाले एकटे जबाबदार नाहीत. आपणही बाहेर गेलो की घरच्यासारखं जेवण मागतो. मराठी माणसाला परदेशात वरणभात खाऊ घालणं हा आपल्याकडच्या सहल कंपन्यांचा भरवशाचा विक्रीमुद्दा आहे. गुजरातेतून येणारे यात्रेकरू थेपले आणि कधीकधी स्वयंपाकीही बरोबर आणतात. प्रवासात घरचं मागायचं आणि रविवारी घरी पिझ्झा करायचा, अशी आपली उलटी रीत आहे. ओळखीच्या चवीचा आधार लागतो, हे समजू शकतं, विशेषतः म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असताना. पण दोन्ही वेळा, तिन्ही दिवस तेच मागितलं, तर हॉटेलवाल्याने येसराची आमटी कुणासाठी करावी? जिथे गिऱ्हाईक मागत नाही, तिथे मेनूकार्ड बदलत नाही.

शहराकडे साधनं कमी नाहीत. रोजाबाग परिसरात देशभरातून विद्यार्थी येतात अशी हॉटेल मॅनेजमेंटची नामवंत संस्था आहे. हैदराबाद संस्थानाचा इथला कारभार १९४८ साली संपला, पण जुन्या शहरात इराणी वळणाचा चहा आणि बिस्किटं अजून रुळलेली आहेत. टाळेबंदीनंतर घरून केक आणि बिस्किटं विकणाऱ्या बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली त्यांना नोंदणी करावी लागते आणि लहान व्यावसायिकांसाठी ती फार अवघड नाही. म्हणजे कौशल्य आहे, कायद्याची चौकट आहे, गिऱ्हाईकही रस्त्यावर आहे. या सगळ्यांना जोडणारी जागा नाही. मोरोक्कोत फेजसारख्या शहरांत अजून मोहल्ल्याची सामाईक भट्टी चालते. घरची माणसं फळीवर मळलेल्या पिठाचे गोळे खूण करून पाठवतात आणि भाजलेली रोटी घेऊन जातात. पर्यटक ते बघायला, चाखायला थांबतात. आपल्याकडे हीच गोष्ट दाखवायला नवं काही बांधावं लागणार नाही. जे उरलं आहे ते टिकवावं लागेल.

टिकवणं सोपं नाही, कारण लाकडी भट्टीच्या विरोधात आता सबळ कारण उभं आहे. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश दिला. आदेश मुंबईपुरता असला, तरी ही दिशा इतर शहरांत येणारच आणि यायलाही हवी. धूर पहिल्यांदा भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कारागिराच्या छातीत जातो. लाकडाच्या वासासाठी त्याने तो गिळत राहावा, ही अपेक्षा निर्दय आहे. मात्र भट्टीचा गुण मुख्यतः विटांत आहे. गॅसने तापवलेली वीटही उष्णता धरते आणि हळूहळू सोडते. बर्नर बसवण्याचा खर्च लहान बेकरीवाल्याला झेपत नाही, तेव्हा तो भट्टी पाडून लोखंडी ओव्हन घेतो किंवा शटर कायमचं ओढतो. महानगरपालिका आणि पर्यटन खात्याने मदत करायची ती नेमकी इथे. सुशोभीकरणाच्या एखाद्या चौकाच्या खर्चात किती भट्ट्या धुरापासून मुक्त होतील, याचा हिशेब त्यांनी एकदा मांडून लोकांपुढे ठेवावा.

त्याबरोबर तीन गोष्टी मागायला हव्यात. वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या सरकारी उपाहारगृहांत रोज किमान एक मराठवाडी थाळी असावी आणि ती ‘मागणी आल्यास’ अशा अटीवर नसावी. हॉटेल शिकवणाऱ्या संस्थांनी जुन्या शहरातल्या नानवाल्यांना आणि बेकरीतल्या कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. आणि घरून बेकिंग करणाऱ्या बायकांच्या गटांना बेकरीच्या रिकाम्या वेळात भट्टी भाड्याने मिळावी. पाव पहाटे संपतो, त्यानंतरची सगळी उष्णता आज वाया जाते.

सरकार करील तेव्हा करील. वाचकाच्या हातात असलेलं काम छोटं आणि लगेच करण्याजोगं आहे. तुमच्या गल्लीत, गावात विटांची भट्टी अजून चालू असेल, तर दिवाळीच्या आधी तिथे जाऊन मजुरी विचारा. चार घरं मिळून पीठ मळा आणि ट्रे घेऊन जा. जाताना मुलग्यांनाही न्या, फेसायचं काम त्यांना द्या. आजीच्या वहीत ‘मंद आच’ असं लिहिलं असेल, तर ती आच म्हणजे नेमकी किती, हे कारागिराला विचारून त्याच पानावर लिहून घ्या. आणि छत्रपती संभाजीनगरला येणार असाल, तर तीन जेवणांपैकी एक तरी इथल्या माणसांच्या ताटातलं मागा. मिळालं नाही, तर मागितल्याचं हॉटेलवाल्याच्या लक्षात राहील असं पुन्हा मागा. वह्या जपल्यात, चांगलं केलंत. आता भट्टीला गिऱ्हाईक द्या.